नानांची रजई आणि लेकीची बॅग

यंदा आमच्या घरात डिसेंबरची सुरुवात भांडणाने झाली. भांडण रजईवरून होते.

लेक नववीत आहे. तिच्या शाळेच्या गाइड पथकाचे चार दिवसांचे शिबिर पचमढीला ठरले. सूचनेच्या कागदावर एक ओळ होती : प्रत्येक मुलीने आपले सामान स्वतःच्या पाठीवर वाहायचे आहे, रोज पायी फिरणे आहे, हमाल मिळणार नाही. ही ओळ आम्ही मोठ्याने वाचली आणि अम्मींनी तसबीह खाली ठेवली. त्या उठल्या, दिवाणातली नानांची रजई काढली, लेकीसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "ही जाईल तर पोरगी जाईल. नाहीतर दोघीही घरी राहतील."

ही रजई साधी नाही. अम्मींचे वडील, म्हणजे आमचे नाना, हिंगणघाटकडचे पिंजारी. हिवाळा लागला की खांद्यावर पिंजण टाकून ते गावोगाव फिरत. तारेचा तो टण्-टण् आवाज आला की बाया जुन्या गाद्या-रजया घेऊन अंगणात येत. अम्मींच्या लग्नात त्यांनी स्वतः पिंजलेल्या रुईची ही रजई दिली. कापड दोनदा बदलले, रुई तीच आहे. आम्ही ती काट्यावर ठेवली. साडेतीन किलो भरली. लेकीचे वजन चव्वेचाळीस किलो.

वाचकहो, आमच्या बेसा परिसरात थंडी म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. शहरातले नातेवाईक मानेवाडा-बेसा रोडने येतात आणि मोकळ्या प्लॉटांवरचा वारा लागला की गाडीवरच मफलर गुंडाळतात. २९ डिसेंबर २०१८ ची पहाट नागपूरकरांच्या लक्षात असेल. पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या दिवशी वुजूसाठी नळ उघडला तर बोटे बधिर झाली होती. पण घरात कपाट असते, किचन असते, दार बंद करता येते. डोंगरात हे काहीच नसते. तिथे आपले कपाट आपल्याच पाठीवर असते आणि त्यातली प्रत्येक वस्तू दिवसभर खांदे मोजत असतात.

अम्मींची भीती मात्र नागपूरच्या थंडीमुळे नव्हती. ती आमच्यामुळे होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्हीही पचमढीला गेलो होतो. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथे आहे हे शिक्षक मंडळींना माहीत आहेच. आमचे शिबिर नीट पार पडले. घरी परतण्याआधी एक दिवस मोकळा होता, म्हणून आम्ही तिघे शिक्षक आपल्या मर्जीने चौरागड चढायला निघालो. गोंड राजांच्या किल्ल्याचा हा डोंगर. वर महादेवाचे स्थान आहे आणि शेवटच्या टप्प्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. थंडी फार म्हणून आम्ही अंगावर सुती बनियन, त्यावर सुती कुरता, त्यावर एक स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर असा सगळा संसार चढवला होता. पाठीवर पिशवीत एक ब्लँकेटही होते, कशाला ते आजही सांगता येणार नाही.

निम्म्या पायऱ्यांवरच घामाने बनियन अंगाला चिकटले. स्वेटर काढायचा आळस केला. काढला तर धरायचा कुठे? वर पोचलो तेव्हा कुरत्यापर्यंत सगळे ओले होते. वरून सातपुड्याचे जे दृश्य दिसते ते पाहत आम्ही पाऊण तास वाऱ्यात बसलो. मग ऊन कलले. उतरताना आधी हुडहुडी भरली, ती आम्ही हसण्यावारी नेली. नंतर बुटाची नाडी सुटली आणि ती बांधता येईना. बोटे ऐकत नव्हती. सोबतीने विचारले, "सर, बरे आहात ना?" आम्ही उत्तर दिले, पण शब्द एकमेकांत अडकून आले. आम्हाला वाटले आपण नीट बोललो. त्यांना वाटले सरांना काहीतरी झाले.

खाली चहाच्या टपरीवर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी : "गीला कपडा उतारो." दोन स्वेटरांखालचे ओले बनियन काढल्यावर, कोरड्या कांबळ्यात गुंडाळून गोड चहा पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने आमची जीभ ताळ्यावर आली. त्या बाईंचे नाव आम्ही विचारले नाही, याची खंत अजून आहे.

हा किस्सा सोबत्यांनी आमच्या घरी येऊन मीठ-मसाला लावून सांगितला. अम्मींनी त्यावरून निष्कर्ष काढला, की मुलाला दोन स्वेटरही पुरले नाहीत. खरी गोष्ट उलटी होती. चढताना दोन स्वेटर जास्त झाले, म्हणून उतरताना थंडी बाधली. पण आईला हे पटवणे म्हणजे वर्गातल्या साठ मुलांना अपूर्णांक शिकवण्याहून अवघड काम.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. बर्फात अडकलेल्यांनाच तो होतो असे आपण समजतो. तसे नाही. आठ-दहा अंशांत, ओल्या कपड्यात, वाऱ्यात बसलेल्या माणसालाही तो होऊ शकतो. कारण पाणी हे हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. आधी थरथर, मग हातातून वस्तू पडणे, मग अडखळते बोलणे, मग अडखळती चाल. आणि थरथर थांबली पण माणूस गोंधळलेलाच आहे, तर ते बरे वाटण्याचे लक्षण नव्हे. तेव्हा ताबडतोब डॉक्टर गाठावा. अशा माणसाला चोळू नये, थेट जाळाजवळ बसवू नये. कोरडे करावे, वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, गुंडाळावे आणि शुद्धीत असेल तर गोड गरम काही पाजावे. टपरीवरच्या त्या बाईंनी नेमके हेच केले होते.

आता रजईकडे येऊ. अम्मींना समजावण्यासाठी आम्हाला नानांनाच साक्षीला बोलवावे लागले.

नाना म्हणत, नवी रुई आणि पिंजलेली रुई यांत फरक एवढाच, की पिंजलेलीत हवा शिरते. जुनी रजई दाबून-दाबून गठ्ठ झाली की जड लागते आणि ऊब देत नाही. तीच रुई पिंजून पुन्हा भरली की हलकी लागते आणि ऊब परत येते. रुई नवी आलेली नसते, वजनही वाढलेले नसते. म्हणजे ऊब रुईत नव्हती, रुईत अडकलेल्या हवेत होती. आम्ही बीएडला असताना उष्णतावाहनाचा पाठ घेतला तेव्हा हे उदाहरण दिले होते आणि निरीक्षक मॅडमनी वहीत चांगला शेरा दिला होता. हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे; तिला जागच्या जागी थांबवून ठेवणारी कोणतीही वस्तू, मग ती रुई असो, लोकर असो की पीस, आपल्याला गरम ठेवते. प्रवाशाला म्हणून वजन वाहायचे नसते, थांबलेली हवा वाहायची असते. हवेला वजन जवळजवळ नाही.

नाना आणखी एक सांगत. अंगाखाली दबलेली रुई मेली. जी बाजू शरीराच्या भाराने चेपली जाते तिच्यातली हवा निघून जाते आणि जमिनीचा गारठा सरळ पाठीत शिरतो. म्हणून पांघरुणाची चिंता करणाऱ्यांनी आधी अंथरुणाची करावी. आपल्याकडे सहलीला जाणारी मंडळी अंगावर दोन रजया घेतात आणि खाली एक चादर टाकतात, मग रात्रभर कूस बदलत राहतात. खाली गुंडाळता येणारी फोमची चटई घेतली, जी तीनशे-चारशे ग्रॅमची असते, तर वरचे एक पांघरूण कमी करता येते. चटई नसेल तर वर्तमानपत्रांचे सात-आठ थर. तेही नसेल तर रिकामी केलेली बॅग पायांखाली. नागपूर स्टेशनवर हिवाळ्यात झोपणारा माणूस पुठ्ठा उगाच शोधत नाही.

हे ऐकून अम्मी म्हणाल्या, "अब्बा असे म्हणायचे खरे." मग थोड्या वेळाने, "पण रजई जाईल."

आम्ही हिशेब मांडला. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर, पचमढी सुमारे १०६५. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. साडेसातशे मीटरचा फरक म्हणजे जवळपास पाच अंश. आपल्याकडे पहाटे दहा असतील तर तिथे पाच धरून चालावे; हिवाळ्यात पचमढीचा पारा कित्येकदा त्याहूनही खाली जातो. आपले चिखलदराही अकराशे मीटरच्या आसपास, तोच हिशेब तिथेही लागतो. सावनेर, सौसर, छिंदवाडा, परासिया, तामिया करत बस वर चढते तेव्हा प्रत्येक वळणावर एकेक खिडकी बंद होत जाते, ती याच कारणाने.

मग लेकीने स्वतःच्या मनाने भरलेली बॅग आम्ही काट्यावर ठेवली. रजईशिवाय साडेनऊ किलो! रजई धरली तर तेरा. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे असे म्हटले आहे. ते रोजच्या शाळेसाठी. डोंगरात चार दिवस राहायचे तर थोडे जास्त चालेल, पण तेरा किलो म्हणजे तिच्या वजनाच्या तीस टक्के. एवढे ओझे घेऊन चढणारी मुलगी घामाने भिजणारच, आणि भिजली की तिचा आमच्यासारखा चौरागड होणार. जड बॅग आणि थंडी या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत हे आम्हाला त्या काट्यासमोर उभे राहून कळले. ओझ्याने घाम येतो, घामाने थंडी वाजते, थंडीच्या भीतीने आपण आणखी ओझे भरतो.

बॅग रिकामी केली. दोन जीन्स निघाल्या. एकेक जीन्स सहाशे-सातशे ग्रॅमची आणि भिजली तर दोन दिवस वाळत नाही. दोन्ही कपाटात परत गेल्या. चार सुती टॉप, एक जाड टॉवेल, शाम्पूची मोठी बाटली, सँडल, घरात घालायच्या चपला, एक कादंबरी, केसांची पेटी. कादंबरीवर आम्ही शिक्षक असल्यामुळे विरघळलो, पण पाने तीनशे होती. पातळ पुस्तक घे म्हणालो. टूथपेस्ट पाच मैत्रिणींत एक, साबण एक, टॉर्च मात्र प्रत्येकीची आपापली. जाड टॉवेलऐवजी जुना पंचा घेतला, जो पिळला की अर्ध्या तासात अंग पुसायला पुन्हा तयार.

कपड्यांचे सूत्र तीन पदरांचे ठेवले. अंगाला लागून असणारा पदर सुती नको, घाम पिऊन बसणारा नको. खेळाडू घालतात तसला पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट किंवा थर्मल. मधला पदर हवा धरणारा, म्हणजे स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट. बाहेरचा पदर वारा अडवणारा. वेगळा विंडचीटर नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट बेसावधपणे माळ्यावर टाकलेला असतो, तोच काढावा. वारा आत शिरला की स्वेटरातली थांबलेली हवा पळते, म्हणून जाड स्वेटरपेक्षा पातळ स्वेटर अधिक रेनकोट जास्त काम करतो. आणि चढ लागला की थंडी वाजत असली तरी मधला पदर काढून बॅगेत ठेवायचा, थांबलो की लगेच घालायचा. निघताना किंचित गार वाटले पाहिजे. लेकीकडून हे आम्ही तीनदा म्हणवून घेतले. सवय वाईट असते मास्तरांची.

स्वेटरसाठी आम्ही तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानांत गेलो. दर हिवाळ्यात ते नागपुरात येतात, आणि अनेकांना ते थेट हिमालयातून आले असे वाटते. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ प्रतापगडला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे, हे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना माहीत नसते. त्यांच्याकडचा बराच माल लुधियानाचा असतो. दुकानदार बाईंनी लेकीला खरे सांगितले, की हा लोकरीचा आणि हा ॲक्रिलिकचा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि ऊब टिकवते, म्हणून धनगरांची घोंगडी पावसातही चालते. ॲक्रिलिक स्वस्त, हलके आणि लवकर वाळणारे. त्याला नाक मुरडायचे कारण नाही, फक्त शेकोटीजवळ सांभाळावे, ठिणगी पडली की वितळते. ओळखायचे असेल तर घरी एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळावा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

एक चूक आम्ही इथे कबूल करून टाकतो. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. ते खरे नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे आणि उष्णताही त्याच मानाने जाते. तरी कानटोपीची शिफारस आम्ही मागे घेत नाही, कारण बाकी सगळे अंग झाकलेले असताना उघडे राहते ते डोके आणि मान. आमच्या मुलींच्या बाबतीत हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. ओढणी किंवा स्कार्फ असतोच. तो सुतीऐवजी पातळ लोकरीचा घेतला की दीडशे ग्रॅममध्ये टोपी, मफलर आणि रात्री उशीचा अभ्रा, तिन्ही कामे होतात. स्वच्छ जागेवर पसरला तर जानमाजही तोच. वेगळी मखमली जानमाज सातशे ग्रॅमची निघाली, ती राहिली.

वुजूची गोष्ट अम्मींनी काढली. पहाटेच्या गार पाण्यानंतर ओले पाय तसेच मोज्यात घातले तर दिवसभर पाय गारच राहतात, आणि फोड येतात ते वेगळे. म्हणून पाय पंचाने बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून मगच मोजे. चामड्याच्या मोज्यांवर मसह करण्याची सवलत मुक्कामी माणसाला एक दिवस-एक रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री आहे. साध्या पातळ मोज्यांचा मसला निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावा, वाटेत वाद घालू नये. लेकीचे मोजे तीन जोड : दोन आळीपाळीने दिवसाला, एक फक्त झोपायला. एकावर एक दोन घट्ट मोजे चढवू नयेत. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि मधली हवाही जाते.

रात्रीचे कपडे पूर्ण वेगळे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले, जे दिवसा कितीही थंडी वाजली तरी काढायचे नाहीत. आमच्या मते सगळ्या बॅगेत ही एक पिशवी सर्वांत महत्त्वाची. दिवसा माणूस भिजला तरी चालून गरम होतो; रात्री कोरडे काही नसेल तर पर्याय नसतो. स्लीपिंग बॅग पथकाकडून मिळणार होती, सव्वा किलोची. तिच्यात तोंड खुपसून झोपू नये, श्वासाची वाफ आत साचून पहाटे पांघरूण ओले होते. नाक बाहेर, कान आत. झोपण्याआधी पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून पायाशी ठेवले तर मध्यरात्रीपर्यंत सोबत करते आणि सकाळी तेच पाणी पिता येते. आणि उपाशीपोटी झोपू नये. शेंगदाण्याची चिक्की, तीळ, खजूर हे शरीराच्या चुलीतले सरपण आहे; एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ नऊ कॅलरी देतो, साखर चार. चिक्कीचे पाकीट म्हणूनच बॅगेतून काढले नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही कडक झालो. खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी घ्यायची नाही, कोणी आणली तर मोठ्या बाईंना सांगायचे. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस खोकतही नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात, पूर्ण कुटुंबांच्या. शेकोटी उघड्यावरच शेकावी आणि विझवून आत जावे.

त्या रात्री जेवताना आम्ही एमा गेटवूड यांची हकीकत सांगितली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या या बाई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या ॲपलेशियन ट्रेल नावाची जॉर्जियापासून मेनपर्यंतची डोंगरवाट एकट्या चालून गेल्या. अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त. अख्खी वाट एका दमात एकटीने चालणाऱ्या त्या पहिल्या महिला. घरी सांगून निघाल्या ते एवढेच, की फिरायला जाते. पाठीवर महागडी बॅग नव्हती; स्वतः शिवलेली कापडी थैली एका खांद्यावर, पायात साधे कॅनव्हासचे बूट, पांघरायला लष्करी कांबळे आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. थंड रात्री शेकोटीत सपाट दगड तापवून त्यांवर निजायच्या. म्हणजे त्यांनीही आधी अंथरुणाचीच काळजी केली. नंतर १९५७ मध्ये त्या पुन्हा तीच वाट चालल्या.

अम्मींनी सगळे ऐकून विचारले, "मुले किती होती त्यांना?"

"अकरा."

"मग निघून जावेसे वाटलेच असेल."

बेगमसाहिबांना हसू आवरेना. अम्मी पुढे म्हणाल्या, "कांबळे एकच होते म्हणता?" आम्ही म्हणालो, एकच. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि आम्हाला वाटले विषय संपला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतलो तर गच्चीवर रजई उसवलेली होती. अम्मींनी एका कोपऱ्याची शिवण काढून ओंजळ-ओंजळ रुई बाहेर घेतली होती आणि उन्हात बसून बोटांनी फुलवत होत्या. पिंजण कुठले आता! आमच्या ओळखीतले पिंजारी मशीनवर गेले आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत. पण त्यांच्या बोटांना सवय होती. त्या रुईची त्यांनी लेकीसाठी बिनबाह्यांची बंडी शिवली, पातळ कापडाची, आडव्या टाक्यांची, समोर चार गुंड्या. टाके फार दाट घातले नाहीत. "दाट घातले की रुई दबते," म्हणाल्या. वजन ४१० ग्रॅम.

आता बंडी सुती आहे, भिजली तर कामातून गेली, हे आम्ही सांगणार होतो. सांगण्याआधीच त्यांनी ती रात्रीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि लेकीला बजावले, "दिवसा घालशील तर बघ. ही झोपायची आहे." आमचे तीन दिवसांचे व्याख्यान वाया गेले नव्हते, फक्त त्याची पोच आम्हाला मिळणार नव्हती.

शेवटची बॅग काट्यावर साडेपाच किलो भरली. स्लीपिंग बॅग धरून पावणेसात. साडेसहाच्या आत बसवायचे आमच्या मनात होते, पण चिक्कीची दोन पाकिटे आणखी कोणीतरी गुपचूप घातली होती आणि आम्ही चौकशी केली नाही. पहाटे साडेपाचला बेसा चौकात मुली बसची वाट पाहत उभ्या होत्या. एका मुलीच्या पाठीवर ओझे इतके होते की ती पुढे वाकून उभी होती आणि तिचे वडील मागून बॅगेला हात देत होते. त्यांच्याशी बोलावेसे वाटले. ती वेळ नव्हती.

चार दिवसांनी लेक परतली. बोलणे नेहमीसारखे, म्हणजे न थांबणारे. बॅग उलटी केली तेव्हा न वापरलेले निघाले ते एवढेच : तिसरा टी-शर्ट, पुस्तक, आणि डासांची क्रीम, जी डिसेंबरात का घेतली ते तिलाही ठाऊक नव्हते. एक सकाळ गवतावर दहिवर इतके होते की बूट भिजले. रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तर सकाळी बरेचसे वाळले. थंडी वाजली का, या प्रश्नाला ती म्हणाली, "चढून बसलो तेव्हा. मग जाकीट घातले."

अम्मींनी बंडी उन्हात टाकायला घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. धुराचा वास येत होता आणि वरून दुसरी गुंडी तुटलेली होती.

"ही कशी तुटली ग?"

"दादी, ती दुसऱ्या रात्री मी घातलीच नव्हती. माझ्या शेजारच्या मुलीची दोन्ही ब्लँकेटे बसच्या टपावर भिजली होती, म्हणून तिला दिली. आणि ती ना, माझ्यापेक्षा जरा दांडगी आहे."

अम्मी काही बोलल्या नाहीत. सुईत दोरा ओवून द्यायला आम्हाला हाक मारली आणि रजईच्या उसवलेल्या कोपऱ्यात आणखी किती रुई शिल्लक आहे ते हाताने चाचपू लागल्या.